मालवण घरच्यांना दाखवायचं? आधी तिथी बघा, मग घड्याळ

मालवणात जन्म गेला आणि समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर शाळेच्या सहलीत एकदाच पाय ठेवला, अशी घरं इथे गल्लीगल्लीत आहेत. चाकरमान्यांचं तर विचारूच नका: मे महिन्यात आठ दिवस येतात, त्यातले सहा लग्नकार्यात आणि दोन आंबे उतरवण्यात जातात. मग एक दिवस ठरतो, 'चला, पोरांना मालवण दाखवू', आणि अकरा वाजता गाडी काढली जाते. तिथेच दिवस फसतो.

टोपी, पाणी, सुटे पैसे, आजीची औषधं हे सांगायला नको. जून ते ऑगस्ट हा बेत करू नका, पावसात किल्ल्याची होडी बंद असते.

पहिलं काम: पाण्याची वेळ काढा

मालवणातला दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. किनाऱ्यावरच्या रॉक गार्डनच्या कातळातली डबकी, देवबागच्या त्सुनामी आयलंड या पट्ट्याची वाळू, आजीला होडीत चढवणं, सगळं पाणी कुठे आहे त्यावर ठरतं. 'सकाळी लवकर निघा' या सल्ल्याला म्हणूनच काही अर्थ नाही. सकाळी ओहोटी आहे की भरती, हे आधी कळायला हवं.

हिशोब सोपा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला एक भरती, दुपारी पावणेचारला दुसरी, आणि मधली ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी, सकाळी पावणेदहा-दहाला. अष्टमीला सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं, सोळा-सतरा करत बसायचं नाही.

हा कोळ्यांचा अंदाज आहे, रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि तिथी मात्र कधी लहान, कधी मोठी असते. नेमकी वेळ हवी तर भरतीचा तक्ता बघा, पण तो मालवणचा किंवा जवळच्या बंदराचा. सर्वांत जास्त चूक इथेच होते. मोबाईलवर मुंबईची वेळ दिसते आणि लोक तीच धरून निघतात. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मालवणात ती मुंबईच्या आधी येते. मुंबईच्या ओहोटीला तुम्ही रॉक गार्डनला पोचलात तर पाणी चढायला लागलेलं असतं.

दुसरी चूक, फक्त वेळ बघायची आणि उंची बघायची नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. अष्टमीची दुपारची ओहोटी वेळेला सोयीची वाटते, पण कातळ पुरता उघडा पडत नाही, आणि पोरं 'खेकडे कुठायत' म्हणून डोकं खातात. शिवाय एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांतली एक जास्त खोल असते. तक्त्यात मीटरचा आकडा असतो, तो जितका लहान तितकी डबकी चांगली.

तिसरी चूक धोक्याची आहे. ओहोटीनंतर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा भाग येतो, त्यामुळे वाटतं, अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. कातळावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर असाल तर ओहोटीनंतर एका तासाने परत फिरा. फोटो राहिले तर राहू देत. आणि देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटी लागल्यावर कोणालाही पोहायला उतरवू नका. खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर ओढलं जातं, आणि गुडघाभर पाण्यातली वाळूही पायाखालून सरकते. 'आम्ही इथलेच' हे पाण्याला कळत नाही.

आता दिवस निवडा. आमचं मत ठाम आहे: शुद्ध असो वा वद्य, त्रयोदशी किंवा चतुर्दशी. भरती दहाच्या आसपास, ओहोटी चारच्या आसपास, उधाण जवळ आल्याने कातळही चांगला उघडतो. सकाळी चढत्या पाण्यावर किल्ला, दुपारी जेवण आणि वामकुक्षी, तीनला रॉक गार्डन. सुट्टी नेमकी तृतीया-चतुर्थीला आली तर उलट करा: आठ-साडेआठला कातळ, दहाला होडी. सप्तमी ते नवमी असेल तर कातळाचा नाद सोडा आणि कुडाळच्या वाटेवरच्या धामापूरला जा. १५३० सालचा तलाव आहे, काठावर भगवतीचं देऊळ, आणि तिथे भरती-ओहोटीची कटकट नाही.

किल्ला

तिथी कोणतीही असो, किल्ला दुपारच्या आत उरका. दुपारनंतर खारा वारा उठतो, होडी उडायला लागते आणि ज्यांना समुद्र लागतो त्यांचे हाल होतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर पूर्ण ओहोटीची वेळ टाळा. तेव्हा होडी धक्क्यापासून बरीच खाली असते आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. चढत्या पाण्यात होडी वर येते आणि पाऊल सरळ पडतं. चपला रबरी, मागे पट्टा असलेल्या.

होडीवाला परतीची वेळ सांगतो, साधारण तासाभराची. तेवढ्यात तटाची तीन किलोमीटरची पूर्ण फेरी होत नाही, धाप लागते आणि बघणं राहून जातं. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो पोरांना शोधायला लावा. दाराजवळचे चुन्यातले हाताचे आणि पायाचे ठसे, मग राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर. इथल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, हे मुलं स्वतःहून ओळखतात का बघा. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव: चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. वेळ उरला तर तटाचा एकच तुकडा चाला. किल्ल्यात कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात घुसू नका.

किल्ल्यावर जाण्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघायला विसरू नका. गावातलेच लोक त्याच्या शेजारून जातात आणि बघत नाहीत. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याच्या कामाची पूजा इथे झाली. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. होडीत बसण्याआधी हा दाखवला तर किल्ला पोरांना जास्त कळतो.

जेवण

साडेबाराला बसा. शनिवार-रविवारी दीडनंतर खानावळीत ताटकळत उभं राहावं लागतं आणि ताजा मासा संपलेला असतो. मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि 'आज काय आलंय?' विचारा. सुरमई, पापलेटचा भाव तुकड्यावर असतो, तो आधी विचारा, त्यात लाज कसली. बांगडा चांगला आला असेल तर सुरमईच्या मागे लागू नका, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं निम्म्या पैशांत दुप्पट समाधान देतं. पोरांना कोंबडी-वडे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, त्या दिवसांत 'ताजी सुरमई' कोणी म्हटलं तर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर मागवा.

बाजार

बाजार शेवटी, नाहीतर पिशव्या दिवसभर कडेवर.

खाजं घेताना एक मोडून बघा. कट्कन तुटलं पाहिजे आणि गुळाचं आवरण बोटाला चिकटता कामा नये. आल्याचा ठसका नसेल तर पुढच्या दुकानात जा. आमसुलं थोडी ओलसर, गडद लालसर हवीत. काळी आणि वाळून खडखडीत झालेली म्हणजे जुनी.

कोकम आगळ आणि कोकम सरबत यात लोक हमखास घोटाळा करतात. आगळ म्हणजे मिठातला रस, सोलकढीचा. सरबताच्या बाटलीत साखर असते, तिची सोलकढी गोड होऊन वाया जाते. चार माणसांना एका नारळाचं दूध आणि चार-पाच चमचे आगळ पुरे. मीठ चव बघून मगच, आगळात ते असतंच.

काजूच्या पाकिटावर ३२०, २४० असे आकडे असतात. तो एका पौंडातल्या गरांचा अंदाज: आकडा लहान, काजू मोठा, भाव चढा. भाजीत घालायला पाकळी घ्या, अख्ख्या काजूवर पैसे घालवू नका.

संध्याकाळ

होड्या परतल्या की किनाऱ्यावर माशांचा लिलाव लागतो. पोरांना जरूर दाखवा, पण घोळक्याबाहेर उभं राहून. गंमत म्हणून बोली लावायची नाही, ती खरी धरली जाते. घरापुरता मासा बाजूला पाटी घेऊन बसलेल्या बायकांकडे घ्या. कल्ले लाल, डोळा फुगीर, बोट दाबलं तर खड्डा भरून आला पाहिजे. भाव ठरवतानाच कापून द्यायचं बोला, नंतर त्याचे वेगळे पैसे पडतात. बर्फ माशाइतकाच लागतो, दोन किलोला दोन किलो, आणि डब्यात वितळलेलं पाणी साचू देऊ नका, मासा त्या पाण्यात बसला की मऊ पडतो.