फ्रान्सचा टॅक्स नंबर मिळवताना

पुण्यातल्या माझ्या एनआरई खात्याचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं बँक खातं) केवायसी अडकलं. पॅन दिलेलं होतं, तरी बँकेला मी जिथे कर भरते त्या देशाचा, म्हणजे फ्रान्सचा, टॅक्स नंबर हवा होता. माझ्याकडे होतं हिरवं ‘कार्त व्हिताल’, म्हणजे इथलं आरोग्य विम्याचं कार्ड. पण त्यावरचा १५ अंकी नंबर सोशल सिक्युरिटीचा, इथे बिनकामाचा. हवा होता ‘न्युमेरो फिस्काल’: १३ अंकी, सुरुवात ०, १, २ किंवा ३ ने.

पगारातून दरमहा कर कापला जातोय म्हणजे नंबर हातात आलाच, असं नाही. पहिलं रिटर्न भरायचं ते आल्याच्या पुढच्या वर्षी, वसंतात. तोवर थांबायला बँक कशाला तयार होतेय! म्हणून पासपोर्ट, राहण्याचा परवाना, वीजबिल आणि पगाराची स्लिप घेऊन घराजवळचं ‘सँत्र दे फिनांस प्युब्लिक’, म्हणजे कर कार्यालय, गाठलं. खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्टावरचं आडनाव दोनदा जुळवून पाहिलं (मधलं वडिलांचं नाव त्यांना भलतंच खटकलं) आणि अर्ज घेतला. नंबर पत्राने घरी आला. नवऱ्याला वेगळा अर्ज करावा लागला. रिटर्न एकत्र भरलं तरी नंबर ज्याचा त्याचा.

आता करनिर्धारणाच्या पत्रावर, ‘आव्ही दँपो’वर, तो पहिल्याच पानावर छापून येतो.