बेसबॉल संघाचा इतिहास लिहायचा तर मैदान धरा

डिचोलीत शाळकरी मुलांना खेळांवरचे प्रकल्प लिहायला मी मदत करतो. कुणी बेसबॉलचा संघ निवडला की वहीच्या पहिल्याच पानावर जेतेपदांची यादी उतरते. ती मागे ढकला. आधी मैदान धरा: संघ कुठे खेळला, तिथून का हलला, नव्या जागी आधी कोण राहत होते.

डॉजर्स घ्या. १८८३ सालचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला संघ. १९१३ पासून त्यांचे मैदान एबेट्स फील्ड. या मैदानावरचा एकच दिवस निवडा आणि त्याचा धावफलक शांतपणे वाचा. मी १५ एप्रिल १९४७ घ्यायला सांगतो. कृष्णवर्णीयांना मोठ्या लीगची दारे कित्येक दशके बंद होती. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सकडून पहिल्या बेसवर, म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांपैकी पहिल्यावर, क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. त्याच्या नावापुढे आकडे आहेत ३, १, ०, ०: फलंदाजीच्या संधी, धावा, हिट (चेंडू टोलवून बेस गाठणे) आणि त्याच्या फटक्यावर संघाला मिळालेल्या धावा. हिट एकही नाही! क्रिकेटची सवय असलेला मुलगा इथेच वही मिटतो. त्याला दुसऱ्या आकड्यावर थांबवा, ती धाव आहे. सातव्या डावात रॉबिन्सनने बंट केला, म्हणजे चेंडू बॅटने नुसता अडवून जवळच पाडला. प्रतिस्पर्ध्यांची फेक चुकली, तो बेसवर पोचला आणि पुढे त्याच्याच धावेने डॉजर्सना आघाडी मिळाली. सामना त्यांनी ५-३ असा जिंकला.

मग स्थलांतराचे प्रकरण. आपल्याकडे धेंपो, साळगावकर या फुटबॉल क्लबांनी २०१६ साली आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा सोडली, पण गोवा सोडला नाही. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांना ब्रुकलिनमध्ये हवी ती जागा मिळाली नाही आणि १९५७चा हंगाम संपल्यावर त्यांनी अख्खा संघ लॉस एंजेलिसला नेला. १९५५ साली न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाला हरवून पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ब्रुकलिनच्या लोकांना काय वाटले असेल, यावर मुलांना एक परिच्छेद लिहू द्या.

१९६२ साली उघडलेले डॉजर स्टेडियम लॉस एंजेलिसच्या शाव्हेझ रविन भागात आहे. तिथली मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबे आधी सरकारी घरबांधणीसाठी उठवली गेली, ती योजना बारगळली आणि जागा बेसबॉलला मिळाली. शेवटच्या कुटुंबांना १९५९ साली पोलिसांनी घराबाहेर काढले. हे प्रकरण गाळू नका.

वर्ल्ड सिरीज जेतेपदांची यादी आता जोडा: १९५५, १९५९, १९६३, १९६५, १९८१, १९८८, २०२०, २०२४, २०२५. प्रत्येक सालापुढे संघाच्या तेव्हाच्या शहराचे नाव लिहा. ब्रुकलिन एकदाच येईल.