ऑनलाइन डीलरकडून इलेक्ट्रिक स्कूटर मागवताय? या चुका टाळा भो

अमळनेरला माझं गॅरेज आहे. दिवाळी झाली आणि कापसाचे पैसे हातात आले की दर महिन्याला एखादी तरी अशी गाडी येते जी मोबाईलवर फोटो बघून मागवलेली असते आणि जिचा वाली कोणीच नसतो. हे डीलर स्वतःकडे एकही गाडी ठेवत नाहीत, तुमचे पैसे घेतात, मग दुसऱ्याच कुणाकडे ऑर्डर टाकतात आणि तो परस्पर ट्रान्सपोर्टने माल पाठवतो. फोटोत मागे दिसणारं गोडाऊनही बऱ्याचदा दुसऱ्याचंच असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "लायसन नको, पासिंग नको" या ओळीवर विश्वास ठेवणं. नियम साधा आहे, मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असेल तरच पासिंग लागत नाही. हे तिन्ही पाहिजेत, एक असून चालत नाही. आता जाहिरातीत एकीकडे पासिंग नको म्हणतात आणि दुसरीकडे ५० चा स्पीड सांगतात, हे दोन्ही एकाच गाडीत कसं बसेल हे विचारायला कुणाला वेळ नसतो कारण ऑफर रात्री बारापर्यंतच असते.

धरणगावकडच्या एका शेतकऱ्याने पोराला कॉलेजला जायला अशीच गाडी मागवली, ५८ हजार आधीच ऑनलाइन भरले आणि वर ट्रान्सपोर्टचं भाडं वेगळं. तीन महिने गाडी पळाली, मग पोलिसांनी अडवलं. तो गाडी टेम्पोत टाकून माझ्याकडे आला, म्हणाला, "दादा, कागदच नही." कागद करायचे म्हणून मी चेसिस नंबर घ्यायला बसलो, रॉकेलचा बोळा फिरवला तर नंबराचा स्टिकरच सुटून माझ्या बोटाला चिकटला, खाली पत्र्यावर काहीच पंच केलेलं नव्हतं. बिल बघितलं तर चेसिसचा रकाना कोरा. जळगाव आरटीओत विक्रीचा फॉर्म २१ आणि कंपनीचा फॉर्म २२ मागितला. डीलर म्हणे कंपनी देईल, कंपनी म्हणे आम्ही तुम्हाला ओळखतच नाही, आम्ही माल व्यापाऱ्याला विकला. ग्राहक आयोगात तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी पण नाही, म्हणून जळगावला केली, पण नोटीस पाठवायची कुठे? बिलावर फक्त शहराचं नाव आणि मोबाईल नंबर, तोही आता बंद. गाडी अजून त्यांच्या गोठ्यात उभी आहे, पोरगं परत एसटीने जातं. मला त्या माणसाचा चेहरा आठवला की राग येतो, त्याच्यावर नाही, विकणाऱ्यावर.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. पैसे द्यायच्या आधी त्याच गाडीचा पंच केलेला चेसिस नंबर व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावतो, बिलाचा कच्चा नमुना मागवतो, जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून नाव-पत्ता जुळवतो, आणि मग डीलरने दिलेल्या नंबरवर नाही तर कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारतो की या गाडीची वॉरंटी कोण देणार. दोन दिवस जातात. जाऊ द्या. जो डीलर दोन दिवस थांबत नाही तो वॉरंटीला दोन वर्षं कुठून थांबणार?

दुसरी चूक ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते. हमाल घाई करतो आणि आपण बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, सही ठोकून देतो, घरी येऊन लाकडी पेटी उघडली की फोर्क वाकडा, आरसा फुटलेला. सहीच्या आधी पेटीचे चारही बाजूंनी फोटो काढा, फळी तुटलेली दिसली तर बिल्टीवरच "माल डॅमेज" असं पेनने लिहा आणि मगच सही करा. पेटी तिथेच उघडू देत नसतील तर तेही लिहा.

बॅटरी लिथियम म्हणून विकतात आणि सीटखाली १२ व्होल्टच्या पाच लेड-ॲसिड निघतात, वजनावरूनच कळतं. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या, पत्र्याच्या शेडमध्ये तर नाहीच.

कंट्रोलर आणि चार्जरची पिन वेगळीच असेल तर जळगावच्या मार्केटमध्येही पार्ट मिळत नाही, म्हणून ऑर्डरच्या आधी पिनेचा फोटो आपल्या मेकॅनिकला दाखवा.

"मिलिटरीत आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो" असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर सकाळची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत बँकेला ते थांबवता येतात, नंतर अवघड होतं.