बर्स्टमध्ये कॅमेरा अडकत होता, कारण निघालं कार्ड

उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढताना बर्स्टसाठी, म्हणजे सलग फोटो घ्यायला, बटण दाबून धरलं की पहिले दोनेक सेकंद मस्त खटाखट चालायचं आणि मग एकदम खट... खट... असं रखडायचं, नेमका पक्षी पंख उघडतो तेव्हाच. मला वाटलं शटर गेलं. पण तसं काही नव्हतं. कॅमेरा फोटो आधी आतल्या बफर मेमरीत (तात्पुरत्या साठ्यात) टाकतो आणि तिथून मेमरी कार्डवर लिहितो, आता माझी एक रॉ फाइल (सेन्सरकडून आलेला कच्चा फोटो) साधारण २५ एमबीची, सेकंदाला ८ फोटो म्हणजे २०० एमबी, आणि कार्ड होतं व्ही३०, म्हणजे लिहिण्याची खात्री सेकंदाला फक्त ३० एमबीची! कार्डवर मोठ्या अक्षरात असतो तो आकडा बहुतेक वेळा वाचण्याच्या स्पीडचा असतो, तिथेच फसलो.

माझ्या कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-२, म्हणजे जास्त वेगाचा, आहे, म्हणून मागे पिनांच्या दोन ओळी असलेलं व्ही९० कार्ड घेतलं, फाइल लहान व्हावी म्हणून कॉम्प्रेस्ड रॉ चालू केलं, आणि बॅकअपसाठी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवलेलं जुनं कार्ड काढलं, कारण दोन्हीकडे लिहिताना वेग हळू कार्डचाच मिळतो. आता बफर भरला तरी कार्डवर लिहिणं चालू असल्याचा लाल दिवा लवकर विझतो. स्लॉट कमी वेगाचा यूएचएस-१ असेल तर मात्र असं महाग कार्ड घेऊ नका, तिथे वेग सेकंदाला १०४ एमबीच्या वर जातच नाही.