पिंजाऱ्याची कमान आणि दगडातली वीणा

दिवाळी तोंडावर आली की परळच्या आमच्या चाळीत गादीवाले चाचा यायचे. खांद्यावर कापूस पिंजायची ती लांबलचक कमान, आणि गल्लीत शिरताच तिच्या तातेवर, म्हणजे आतड्याच्या दोरीवर, एक ठोका. वेगळी हाक मारायची गरजच नसे. आई गॅलरीतून ओरडायची, "चाचा, थांबा, दोन गाद्या आहेत!" मग दुपारभर खाली कापूस उडत राहायचा. कापूस अडकला की तातेचा आवाज बसका होतो, ती मोकळी झाली की पुन्हा खणखणीत. मी सात-आठ वर्षांची असेन, पायरीवर बसून हे ऐकत राहायचे.

पुढे सतार शिकले. मग सतार बाजूला ठेवून ज्याला प्रायोगिक संगीत म्हणतात त्यात शिरले. पत्र्याला कॉन्टॅक्ट माईक (वस्तूला चिकटवून तिची थरथर टिपणारा) लावायचा, लोकलच्या रुळांचा आवाज लूप करायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायचा, असं सगळं. आज त्याच्या जोडीला मी जुन्या वाद्यांचा पुरातत्त्वाच्या अंगाने अभ्यास करते. यात यायचं तर सुरुवात कुठून करायची, असं बरीच मुलं-मुली विचारतात. म्हणून माझ्याकडून जे झालं आणि जे चुकलं ते इथे लिहिते.

पहिला धडा वर्गात मिळाला. नोकरी सांभाळून मी पुरातत्त्वाचे वर्ग करत होते. मॅडमनी पडद्यावर मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाचं एक शिल्प दाखवलं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. नाच चाललाय आणि शेजारी एक बाई धनुष्यासारखं वाद्य मांडीवर घेऊन वाजवतेय. मी मागून ओरडलेच, "मॅडम, ही तर पिंजाऱ्याची कमान!" मॅडम म्हणाल्या, "छान. आता हिच्या तारा मोज." मी मोजल्या. सात. मॅडमनी तोच भाग मोठा करून दाखवला. दगड झिजलेला, दोन रेघा स्पष्ट, बाकी छिन्नीचे ओरखडे. त्या म्हणाल्या, "सात तुला दिसल्या, कारण सात स्वर तुझ्या डोक्यात आहेत. दगडात काय आहे ते सांग."

त्या दिवसापासून मी दोन वह्या ठेवते. एका वहीत दगडात, मातीत, पोथीत जे आहे तेवढंच. दुसऱ्या वहीत मला जे वाटतं, ऐकू येतं, करून बघावंसं वाटतं ते. तुम्ही या वाटेला येणार असाल तर आधी या दोन वह्या घ्या, माईक नंतर घ्या.

ती कमानी वीणा आपल्याकडे शेकडो वर्षं होती. गुप्तकाळातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा स्वतः ती मांडीवर घेऊन बसलाय. पहिलं सहस्रक संपता संपता मात्र ती शिल्पांमधून जवळजवळ नाहीशी होते आणि दांडीच्या वीणा पुढे येतात. ब्रह्मदेशात तिची बहीण सौंग या नावाने आजही वाजते. आपल्याकडे मध्य प्रदेशात मंडला भागातल्या परधान गोंडांच्या बीन-बाजा या वाद्यात तिचा आकार टिकून आहे. पण जुनी, खरीखुरी वीणा हाती लागत नाही. लाकूड, कातडं, तात, सगळंच आपल्या हवेत कुजून जातं.

अशा वेळी मला नेहमी उरची गोष्ट आठवते. १९२० च्या दशकात इराकमधल्या उर इथे लिओनार्ड वुली उत्खनन करत होता. राजघराण्याच्या थडग्यांमध्ये लायर हे तंतुवाद्य होतं, पण लाकूड कधीच माती होऊन गेलं होतं. जिथे लाकूड होतं तिथे जमिनीत नुसती पोकळी उरली होती. वुलीने त्या पोकळीत प्लास्टर ओतलं. ते सुकल्यावर माती काढली आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या वाद्याचा आकार समोर उभा राहिला. वाद्य नव्हतंच, ते जिथे नव्हतं ती जागा होती, आणि तिने माप दिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

आपल्याकडे ती पोकळीही नाही, म्हणून शिल्पावरून वाद्य करून बघायचं ठरवलं. फणसाचं लाकूड कोकणातून मामाने पाठवलं. त्याला पोखरून होडीसारखं पोट केलं. बकरीचं कातडं ढोलकी मढवणाऱ्या काकांकडून आणलं. ते भिजवून ताणून बसवायचं काम त्यांनीच केलं, मी फक्त दोरी धरून उभी. तारांचा प्रश्न आला तेव्हा मी सरळ गादीवाल्या चाचांच्या मुलाकडे गेले. आता गाद्या मशीनवर पिंजतात, पण घरात जुनी कमान होती आणि तात कुठे मिळते हे त्याला माहीत होतं. खुंट्या लावल्या नाहीत. शिल्पांत खुंट्या दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक तात कमानीच्या मानेवर चामड्याच्या वादीने बांधली. वादी सरकवली की स्वर चढतो. मोजमापं पहिल्या वहीत. सात तारा लावल्या हे मात्र दुसऱ्या वहीत लिहिलं, कारण तो निर्णय माझा होता.

जोडीला तशीच दुसरी केली. दोन्ही वीणा झाल्या मे महिन्यात. जूनमध्ये पाऊस आला आणि सगळं कोसळलं. सकाळी लावलेली वीणा दुपारी अर्धा स्वर उतरलेली. तात ओल शोषते, कातडं सैल पडतं. सतारीच्या पोलादी तारांवर वाढलेल्या माझ्या हाताला हे असह्य झालं होतं.

त्याच काळात मी नाट्यशास्त्रातली सारणा, म्हणजे वीणेचे स्वर उतरवत श्रुती दाखवायचा प्रयोग, करून बघत होते. त्या ग्रंथाचा कर्ता भरत. त्याने बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली बारीक स्वरांतरं, समजावून सांगायला दोन सारख्या वीणा घेतल्या आहेत. एक ध्रुव, म्हणजे लावली तशीच ठेवायची. दुसरी चल, तिचे स्वर टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायचे. दुसऱ्या टप्प्याला चल वीणेचे गंधार-निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवताशी जुळतात. तिसऱ्याला ऋषभ-धैवत षड्ज-पंचमाशी. चौथ्याला षड्ज, मध्यम, पंचम आपापल्या खालच्या स्वराशी. कागदावर हे गणित वाटतं. प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार असलेलं वाद्य समोर असलं की लगेच कळतं की भरताच्या मनात अशीच मोकळ्या तारांची वीणा असणार. सतारीसारख्या पडद्यांच्या वाद्यावर हा प्रयोग धड मांडताच येत नाही. माझ्या हातातल्या वस्तूने पोथीतला एक परिच्छेद उलगडला तो हा.

पण त्या जुलैमध्ये माझी ध्रुव वीणाच हलत होती! चल वीणा मी एक श्रुती उतरवायचे, तोवर ध्रुव वीणा आपोआप तेवढी उतरलेली असायची. आठ दिवस मी चुकीचे आकडे लिहून काढले आणि मग सगळे खोडले. पहिल्या वहीत एकच ओळ राहिली: तात आणि कातड्याच्या वीणेवर पावसाळ्यात मुंबईत मोजमाप करू नये. ही ओळ मला कुठल्या ग्रंथात मिळाली नसती.

मातीचं काम धारावीच्या कुंभारवाड्यात शिकले. सिंधू संस्कृतीच्या ठिकाणी पक्ष्याच्या आकाराच्या भाजलेल्या मातीच्या शिट्ट्या सापडतात. तशी एक मला करायची होती. तिथल्या एका भाईंना फोटो दाखवला तर ते हसून म्हणाले, "बेन, ये तो छोकरा लोग की सीटी है." त्यांनी दोन वाट्यांसारखे भाग करून जोडले आणि मी हवेची खिडकी कापायला सुरी घेतली तशी माझा हात धरला. "गीला काटेगी तो किनार बैठ जाएगी. कल आ." दुसऱ्या दिवशी माती चामड्याइतकी घट्ट झाली होती, कड धारदार निघाली आणि शिट्टी वाजली. भाजून आली तेव्हा स्वर चढला होता. वाळताना आणि भाजताना माती ढोबळमानाने दहावा हिस्सा आक्रसते, पोटातली हवा कमी होते. अशा गोल पोटाच्या शिट्टीत स्वर ठरतो तो आतल्या हवेवर आणि उघड्या भोकाच्या मापावर. भोक कुठे पाडलंय याने फारसा फरक पडत नाही. म्हणून जुन्या शिट्टीची भोकं बघून "यांचा हा राग होता" असं कुणी सांगितलं तर मानू नका. ती मुलांची होती, पाखरं बोलावणाऱ्याची होती की पूजेतली, हेही तिच्याकडे बघून कळत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधू संस्कृतीच्या वस्तू आहेत. मी त्यांच्यासमोर तासभर तरी उभी राहते, आणि कुंभारवाड्यात जाऊन आल्यावर मला त्यात बोटांचा दाब दिसायला लागला.

नव्या माणसाला हाडाची बासरी करायची फार घाई असते. मलाही होती. जर्मनीत होहले फेल्स गुहेत २००८ मध्ये गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी सापडली, पाच भोकांची, सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची. आपल्याकडे गिधाडाचं हाड सोडा, पीससुद्धा घरात ठेवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो आधी वाचा. (पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या मलबार हिलच्या दख्म्यांवरून गिधाडं नाहीशी झाली ती गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे. गुरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. ती बासरी बघताना मला दर वेळी हे आठवतं.) मटणाच्या दुकानातून बकऱ्याची नळी आणून बघितली, तिची भिंत फार जाड आणि लांबी अपुरी. पक्ष्याचं हाड पातळ आणि आतून पोकळ असतं, सगळी जादू तिथेच आहे. शेवटी बारीक बांबूवर काम केलं. १९७२ चाच दुसरा कायदा पुरावस्तूंचा. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. चोर बाजारात कुणी "बहुत पुराना है" म्हणत काही पुढे केलं तर घेऊ नका. लेण्यांच्या परिसरातला खापराचा तुकडासुद्धा उचलू नका. वस्तू जागेवरून हलली की तिचं अर्धं बोलणं संपतं.

लेण्यांत आवाज ऐकायला मात्र जा. कान्हेरीचा तीन नंबरचा चैत्य, दुसऱ्या शतकातला. सोमवारी बंद असतो. मंगळवारी उघडल्या उघडल्या पोचा, शाळांच्या सहली यायच्या आत. स्तूपाजवळ उभं राहून एक साधी ओळ म्हणा, मग खांबांच्या मागच्या वाटेने चालत तीच ओळ म्हणा. शब्द कुठे विरतात आणि स्वर कुठे फुगतो ते कानाने टिपा. स्टँड, मोठा रेकॉर्डर न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी काढा. आणि दगडावर ठोकून बघायचं नाही, कुठेच नाही. कर्नाटकात बल्लारीजवळ कुप्गलच्या टेकडीवर ठोकल्यावर घंटेसारखे वाजणारे दगड आहेत, नवाश्मयुगातल्या माणसांनी ठोकून ठोकून त्यांवर खळगे पाडलेत. ते खळगेच पुरावा आहेत. आपण एक ठोका मारला की त्यात आपलाही खळगा मिसळतो.

आता कार्यक्रमांबद्दल, कारण इथे मला लागलंय. एका संस्थेने मला कमानी वीणेवर वाजवायला बोलावलं. मी लिहून दिलं होतं की वाद्य शिल्पावरून केलेलं आहे, संगीत आजचं आणि माझं आहे. गेले तर दारावर फलक: "दोन हजार वर्षांपूर्वीचे संगीत ऐका." बदलायला सांगितलं, वेळ नाही म्हणाले. मी वाजवायच्या आधी उभं राहून दहा मिनिटं सगळं सांगितलं. त्या संस्थेने पुन्हा बोलावलं नाही. वाजवल्यानंतर एक आजी जवळ आल्या आणि विचारलं, "मग यातलं किती त्यांचं आणि किती तुझं?" हा प्रश्न विचारणारा एक जरी श्रोता मिळाला तर मला पुरतो. तेव्हापासून मी कार्यक्रमाच्या पत्रकाचा मजकूर स्वतः लिहिते आणि तो तसाच छापला जाईल हे आधी ठरवून घेते.

माझं प्रायोगिक काम दुसऱ्या वहीतून येतं आणि त्याची मला लाज नाही. वीणेच्या पोटाला माईक लावून कातड्याची कुरकुर मोठी करते, सैल पडत जाणारा स्वर तसाच पडू देते, मध्ये चाचांच्या कमानीचा ठोका येतो. पावसात उतरणाऱ्या त्याच तारा, ज्यांनी माझे आकडे बिघडवले, त्यांच्यावर मी चाळीस मिनिटांची रचना केली आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. पदवी कशातही असली तरी चालते, पण पुरातत्त्वाचं शिस्तीत शिक्षण घ्या. मुंबईत साठ्ये आणि झेवियर्समध्ये प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय आहे, पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये एम.ए. करता येतं. संस्कृत किंवा पाली, दोन्हींपैकी एक तरी लिपीसकट हवी. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची सवय लावून घ्या. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली वाद्यं आठ-दहा वेळा बघा, काढलेली चित्रं फोटोपेक्षा जास्त शिकवतात. "संगीत-पुरातत्त्वज्ञ पाहिजे" अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. पहिली काही वर्षं माझं घर अंधेरीतल्या डबिंग स्टुडिओतल्या कामावर चाललं, आजही महिन्याचे आठ दिवस मी ते करते. नेट ही पात्रता परीक्षा देऊन संशोधनवृत्ती मिळाली तर फार उत्तम, पण घरी आधी स्पष्ट सांगा की पैसे उशिरा येणार. आईला मी हे दोन वर्षं सांगितलं नव्हतं, ते चुकलं.

दुसरी वीणाही त्याच फणसाच्या उरलेल्या लाकडाची. दोन्ही एकाच भिंतीवर टांगून ठेवल्यात, म्हणजे दोघींना हवा सारखीच लागेल. जानेवारीत, हवा कोरडी असताना, सारणा पुन्हा करणार आहे. ध्रुव वीणा एकाने धरायची, चल वीणा दुसऱ्याने. मागच्या वेळी मी एकटीच दोन्ही सांभाळत होते. या वेळी ढोलकीवाल्या काकांची मुलगी येणार आहे. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि बावीस श्रुतींबद्दल तिने अजून काहीच वाचलेलं नाही.