गोधडी शिवताना या चुका टाळा

गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा टाक्यामुळे नाही. टाका वेडावाकडा पडला तरी ती वर्षानुवर्षं टिकते, ऊब देते, आणि पुढे त्या वाकड्या टाक्याचंच कौतुक होतं. ती बिघडते थरांचं आपापसात न पटल्यामुळे. एक थर धुतल्यावर आटतो, दुसरा आहे तेवढाच राहतो. एक कापड विरलेलं, त्याच्या शेजारचं कोरं करकरीत. दोरा कापडापेक्षा दणकट. इथे इंदुरात ओळखीच्या घरांतून माझ्याकडे ज्या गोधड्या दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं हेच असतं. आणि ते दुखणं पहिला टाका घालण्याआधीच जडलेलं असतं.

म्हणून सुरुवात सुईपासून नको, कापडापासून करू या.

कोरं कापड न धुता कापणं

राजवाड्याच्या मागच्या बाजारातून किंवा एम. टी. क्लॉथ मार्केटमधून मनासारखं छापील सुती कापड आणलं, की ते त्याच संध्याकाळी कापायला घ्यावंसं वाटतं. तो मोह मला पूर्ण कळतो. पण नव्या सुती कापडाला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते सहज तीन ते पाच टक्के आटतं. म्हणजे 90 इंच लांबीत साडेचार इंचांपर्यंत. जुन्या साड्यांचं आटणं केव्हाच होऊन गेलेलं असतं. वर कोरं आणि खाली जुनं असं शिवलं, तर पहिल्याच धुण्यात वरचा थर आखडतो आणि खालचा पोटाशी गोळा होतो.

उपाय साधा आहे. कापड आणलं की रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, सकाळी साबणाने धुवायचं, वाळवायचं आणि थोडं ओलसर असताना इस्त्री करायची. मांजरपाट अस्तराला घेत असाल तर दोनदा धुवा, तो जास्त आटतो.

आधीच शिवून झालेल्या गोधडीला असे झोळ आले असतील, तर सगळी उसवू नका. आखडलेल्या थराच्या कडेचे टाके दोन्ही बाजूंनी वीतभर उसवा, खालचा जास्तीचा कपडा कडेकडे सारून कापून टाका, आणि तेवढाच भाग पुन्हा शिवा.

साडी सगळीकडे सारखीच जुनी आहे असं समजणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, कारण ती दोन-तीन वर्षांनी कळते. नेसून नेसून साडी ठरावीक ठिकाणी झिजते: पायाशी घासणारा खालचा काठ, कमरेला खोचलेली पट्टी, आणि पिनांनी भोकं पडलेला खांद्यावरचा भाग. पदराचं टोक मात्र पुष्कळदा नव्यासारखं असतं. आख्खी साडी घडी घालून तशीच आत भरली, की विरलेला पट्टा गोधडीच्या नेमका मधोमध येतो, जिथे पाय घासतात आणि हात ओढतात.

साडी खिडकीसमोर उजेडात धरा. हात हळूहळू सरकवत न्या. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे थांबा, दोन्ही अंगठ्यांनी कापड बाहेरच्या दिशेने ताणा. धागे विलग होऊन बारीक जाळी दिसली किंवा ‘टर्र’ असा हलका आवाज आला, तर तेवढा भाग कापून बाजूला ठेवा. त्याची पुसणी होतील. गोधडीत तो नकोच, अगदी मधल्या थरातही नको.

विरलेलं कापड आठवणीपोटी ठेवायचंच असेल, आणि तसं वाटणं मला फार खरं वाटतं, तर त्याला मागून मऊ मलमलीचा आधार द्या. दोन्ही कापडं एकजीव करून घ्या आणि मगच ठिगळ म्हणून वर बसवा. आमच्या शेजारची मुलगी गोधडी हातात घेतली की आधी विचारते, “काकू, यात आईचं पातळ कुठलं?” मी बोट ठेवते, आणि ती तिथेच गाल टेकवून बसते. असा तुकडा टिकायला हवा, म्हणून त्याला आधार हवा.

महेश्वरी आणि सुती यांची सरमिसळ

आपल्याकडे कपाटात महेश्वरी साडी निघणारच. अहिल्याबाईंच्या काळापासून नर्मदेकाठी महेश्वरच्या मागांवर विणलं जाणारं हे कापड नेहमीच्या प्रकारात उभ्या धाग्यात रेशीम आणि आडव्या धाग्यात सूत असं असतं. त्याची झळाळी गोधडीवर सुंदर दिसते. पण ते सुती कापडासारखं आटत नाही, गरम पाणी त्याला सोसत नाही, आणि जाड सुईने धागा सरकून भोक राहतं. रोज पांघरायच्या, वरचेवर धुवायच्या गोधडीत महेश्वरी घालू नका. तिची वेगळी हलकी ओढणीवजा गोधडी करा: आत एकच मलमलीचा थर, बारीक सुई, बारीक दोरा. जरीचा काठ कापून ठेवा आणि फक्त कडेला वापरा. मध्ये आला तर तो बोचतो. बाळाच्या दुपट्यात तर जरी, टिकली, बटण यांपैकी काहीच नको.

कापड नक्की कशाचं आहे हे कळत नसेल, तर चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि भुरी राख उरते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टर निघालं तर ते सुती गोधडीत घालू नका. ते घाम शोषत नाही, आणि शेजारचं सूत झिजून जातं तेव्हा ते तसंच ताठ उभं राहतं.

रंग जाऊ नये म्हणून मीठ-तुरटीवर विसंबणं

घरोघरी सांगितला जाणारा हा उपाय आहे. बाजारातल्या तयार रंगीत कापडाला त्याचा उपयोग होत नाही. तुरटी लागते ती नैसर्गिक रंगांच्या रंगाईत, कापड रंगवायच्या आधी. मीठही रंगाच्या कढईत रंग कापडाकडे ढकलण्यासाठी घालतात. एकदा रंगून विकायला आलेल्या कापडातला जास्तीचा रंग फक्त धुऊनच निघतो.

म्हणून प्रत्येक गडद कापडाची परीक्षा घ्या. लाल, मरून, नीळ आणि काळा यांची तर घ्याच. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग उमटला तर कापड पुन्हा धुवा, पुन्हा बघा. धार जिल्ह्यातल्या बाग या गावचे लाल-काळे ठसे मला अतिशय प्रिय आहेत आणि त्यांच्या शेजारी पांढरा तुकडा उठून दिसतो, पण तो पांढरा बसवायच्या आधी हा रुमाल मी सोडत नाही.

गोधडी धुताना रंग लागलाच, तर ती वाळू देऊ नका. वाळला की डाग बसतो. सगळं सुती असेल तर मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि थोडी पावडर घालून त्यात गोधडी पूर्ण बुडवा आणि काही तास राहू द्या. पाणी रंगलं की बदला. पाणी कमी असेल तर सुटलेला रंग पुन्हा पांढऱ्यावरच बसतो, म्हणून टब मोठा हवा.

उरेब तुकडे, आणि जोडावर जोड

तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं हे शिवणारे सगळेच जाणतात, तरी ठिगळं कापताना विसरतात. चौकोनाच्या कडा उभ्या-आडव्या धाग्याला धरून असाव्यात. त्रिकोणाची तिरपी बाजू इस्त्री ओढून करू नका, दाबून उचला.

दुसरी गोष्ट जोडांची. 45 इंची पन्ह्याचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे जोडले की एकेरी गोधडीचा साधारण 60 बाय 90 इंचांचा एक थर होतो. पण प्रत्येक थर असाच जोडला तर सगळे जोड एकाच रेषेत येतात. तिथे सुई अडते, दोरा तुटतो, आणि घडीही तिथेच पडते. एका थराचा जोड आडवा ठेवा, दुसऱ्याचा उभा आणि मध्यापासून बाजूला. जोडाला पाव इंच दाब, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड, ठरवला तर शेवटपर्यंत पाव इंचच ठेवा. दर जोडाला दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी आठ जोडांत दीड सेंटिमीटर जातो, आणि मग शेवटची ओळ बसत नाही.

थर अंथरण्याची घाई

मला विचाराल तर सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पलंगावर थर लावू नका, गादी खचते आणि कापड तिच्याबरोबर खचतं. फरशी पुसून कोरडी करा. सर्वांत खालचा थर उलटा अंथरा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर सोडल्यावर ते आखडतं आणि मागच्या बाजूला चुण्या पडतात. त्यावर मधले थर, एकेक, मधून कडेकडे हाताने सारवत. शेवटी वरचा.

मालव्याच्या थंडीला मऊ साडीचे तीन-चार थर पुरतात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तरी पुरतात. पाच थरांच्या वर गेलात तर हाताने सुई निघत नाही, टाके लांब पडतात, आणि गोधडी अंगाला न बिलगता लाकडासारखी ताठ पडून राहते.

मग कच्चे टाके. हे टाळलं जातं, आणि नंतरचा सगळा त्रास इथूनच सुरू होतो. मधून सुरुवात करून, वीतभर अंतरावर, उभे आणि आडवे लांब टाके घाला. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, म्हणजे शेवटी काढताना दिसतो.

दोरा लांब, आणि दोरा फार मजबूत

खूप लांब दोरा ओवला की सुई ओवायचे कष्ट वाचतात, पण तो पीळ खातो, गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा गेल्याने झिजतो. कोपरापासून बोटांपर्यंत, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर पुरे. रिळावरून जे टोक आधी सुटतं तेच सुईत ओवा, मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा फिरवा. गुंतणं बरंच कमी होतं.

नायलॉनचा दोरा ‘तुटणार नाही’ म्हणून वापरतात. तो तुटत नाही हे खरं, पण ताण आला की मऊ कापडच कापतो. तुटलेला दोरा पुन्हा भरता येतो, कापलेलं कापड नाही. सुती गोधडीला सुतीच दोरा हवा.

सुई मोठी घेतली की सोपं जाईल असं वाटतं. उलट आखूड, बारीक सुई थरांतून सरळ जाते. वरच्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिवणाची टोपी, खालच्या हाताचं बोट टोकाची वाट बघत. टोक त्या बोटाला जेमतेम लागलं की सुई वर वळवायची. असे तीन-चार टाके सुईवर घेतले की एकदम दोरा ओढायचा. ओढताना कापडावर बारीक खळी पडली पाहिजे, चुणी नाही. हा अंदाज एकदा बोटांत आला, की दुपारच्या दोन तासांत किती ओळी झाल्या हे कळतही नाही. मला दिवसातला तो वेळ सर्वांत आवडतो. गच्चीवरचं कोवळं ऊन, पायांवर अर्धी झालेली गोधडी, आणि ती जसजशी पुरी होत जाते तसतशी मांडीला ऊब लागायला लागते.

कडेकडून आत येताना मध्ये फुगा

आपली जुनी पद्धत कडेपासून सुरू करून गोल गोल आत येण्याची आहे. दिसायला ती मला सर्वांत देखणी वाटते. पण कच्चे टाके नसतील तर प्रत्येक फेरीत वरचं कापड थोडं थोडं आत ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. त्यावर बळेच टाके घातले तर चुण्या कायमच्या बसतात. शेवटच्या चार-पाच फेऱ्या उसवा, जास्तीचं कापड एका सरळ चुणीत घ्या, ती चुणी सपाट दाबून वर एखादं ठिगळ बसवा. तिथे दोष होता हे कुणाला दिसणारही नाही. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. चार बोटांपेक्षा जास्त झालं तर धुताना आतले थर सरकतात.

मशीनवर शिवणाऱ्यांना हाच त्रास वेगळ्या कारणाने होतो. खालचे दाते खालचा थर ओढतात, वरचा मशीनच्या पायाखाली मागे राहतो. पायाचा दाब कमी करा, टीप लांब ठेवा, 16 नंबरची सुई लावा, आणि मिळाला तर वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सारणारा पाय, लावा. एका ओळीची टीप वरून खाली आणि दुसरीची खालून वर घालू नका, गोधडी पिळवटते. सगळ्या ओळी एकाच दिशेने जाऊ द्या.

धुणं, वाळवणं, ठेवणं

पहिल्या धुण्यानंतर गोधडीवर बारीक लहरी उठतात. त्या बघून घाबरून काही जण कडक इस्त्री करतात. कृपा करून करू नका. सगळे थर मिळून थोडेसे आखडले की टाक्यांच्या मधे हवा राहते, आणि ऊब त्या हवेची असते.

गार पाणी, सौम्य साबण किंवा रिठे. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी जड असते, एका दोरीवर लोंबकळत ठेवली तर टाके ताणले जातात. दोन दोऱ्यांवर पसरून टाका, उलटी बाजू उन्हाकडे.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा. घडीच्या रेषा दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर कापड तिथेच आधी विरतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत कपाट उघडून ओलसर वास येतो का बघत राहा. आला तर पंख्याखाली पसरून ठेवा, आणि ऊन पडलं की त्याच दिवशी गच्चीवर न्या.