नोड अ‍ॅनालिसिस: मांडणीतल्या या चुका टाळा

नोड अ‍ॅनालिसिसचं गणित, म्हणजे सर्किटमधल्या जोडबिंदूंचं (नोडचं) व्होल्टेज समीकरणांतून काढणं, समीकरणं सोडवताना क्वचितच बिघडतं. ते बिघडतं मांडतानाच. हे सर्किट वहीत काढून घ्या: १२ व्होल्टचा सोर्स, त्याचं ऋण टोक ग्राउंडला (० व्होल्ट धरलेल्या बिंदूला), धन टोक २ किलो-ओहममधून नोड 'अ'ला. 'अ' ते ग्राउंड ४, 'अ' ते 'ब' २ आणि 'ब' ते ग्राउंड २ किलो-ओहम.

नोडमधून बाहेर जाणाऱ्या सगळ्या करंटची बेरीज शून्य, हा किरचॉफचा नियम दोन्ही नोडना लावू (समीकरणांत अ आणि ब म्हणजे त्या त्या नोडचं व्होल्टेज):

(अ − १२)/२ + अ/४ + (अ − ब)/२ = ०
(ब − अ)/२ + ब/२ = ०

उत्तर अ = ६, ब = ३ व्होल्ट.

आता चिन्हाची चूक. पहिल्या समीकरणातलं (अ − ब) दुसऱ्यात तसंच उतरवलं, की अ = ०, ब = −१२ येतं. पण एकच सोर्स आणि बाकी सगळे रेझिस्टर असताना कुठलाही नोड ० ते १२ व्होल्टच्या बाहेर जाऊच शकत नाही. ज्या नोडचं समीकरण लिहिताय, त्याचं व्होल्टेज आधी लिहा. आकृतीत काढलेल्या बाणांकडे तेवढ्यापुरतं बघूच नका.

एककाची चूक जास्त लबाड. 'ब'मध्ये २ मिलिअँपिअर सोडणारा करंट सोर्स जोडला, तर दुसऱ्या समीकरणाच्या उजवीकडे २ येतील, कारण व्होल्ट भागिले किलो-ओहम म्हणजे मिलिअँपिअर. तिथे ०.००२ लिहिणाऱ्याला ६.००१ आणि ३.००२५ मिळतात. दिसायला झकास! खरं उत्तर ७ आणि ५.५. सोर्स जोडूनही व्होल्टेज जवळपास हललं नाही, तर एकक तपासा.

करंट सोर्स काढून टाका आणि 'अ' व 'ब' यांमधल्या रेझिस्टरच्या जागी ५ व्होल्टचा सोर्स ठेवा, धन टोक 'अ'कडे. इथे परीक्षेत हमखास मार्क जातात. त्या सोर्समधला करंट ओहमच्या नियमाने काढता येत नाही म्हणून काही जण तो सोडूनच देतात. मग अ = ८, ब = ० येतं, म्हणजे फरक ५ नव्हे, ८! दोन्ही नोड मिळून एक सुपरनोड धरा:

(अ − १२)/२ + अ/४ + ब/२ = ०
अ − ब = ५

यातून अ = ६.८, ब = १.८ व्होल्ट. पडताळा: १२ व्होल्टच्या सोर्सकडून २.६ मिलिअँपिअर येतात, ग्राउंडकडे १.७ आणि ०.९ जातात.